मदत हवी आहे: संवर्धनानंतर उंदराच्या रक्तजनक मूळपेशींचे पृष्ठभागावरील मार्कर बदलतात, गेट कशावर लावावे?

नमस्कार,

सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतील वाणाच्या उंदरांच्या अस्थिमज्जेतून रक्तजनक मूळपेशी (ज्यांपासून सर्व रक्तपेशी तयार होतात त्या) वेगळ्या करून मी त्या सीरमविरहित माध्यमात एससीएफ (स्टेम सेल फॅक्टर) आणि टीपीओ (थ्रॉम्बोपोएटिन) ही वाढीची प्रथिने देऊन वाढवतो आहे. फ्लो सायटोमीटरवर सॉर्ट करताना गेट, म्हणजे पेशी निवडण्याची सीमा, पृष्ठभागावरील प्रथिनांवरून (मार्करवरून) लावतो: लिनिएज-निगेटिव्ह (परिपक्व रक्तपेशींचे मार्कर नसलेल्या), स्का-१ आणि सी-किट पॉझिटिव्ह पेशींमधून सीडी१५० असलेल्या व सीडी४८ नसलेल्या पेशी घेतो. ताज्या मज्जेत हा गट अगदी स्पष्ट दिसतो. आठवडाभराच्या संवर्धनानंतर मात्र बहुतेक पेशींवर सीडी४८ आलेला असतो, सी-किटची चमक मंदावलेली असते आणि स्का-१ टिकवून असलेल्या बऱ्याच पेशींवर मॅक-१, म्हणजे सीडी११बी, फिकट का होईना पण दिसतो. एफएमओ कंट्रोल (एक अँटिबॉडी वगळून बाकी सर्व लावलेला नमुना), एफसी ब्लॉक (अँटिबॉडीचे एफसी ग्राहकांना चिकटणे रोखणारा) आणि मृत पेशींचा रंग हे सर्व वापरले आहे, त्यामुळे हा केवळ अँटिबॉडीच्या अविशिष्ट चिकटण्याचा परिणाम वाटत नाही.

नेहमीच्या लिनिएज कॉकटेलमध्ये (परिपक्व पेशी ओळखून वगळण्यासाठीच्या अँटिबॉडींच्या मिश्रणात) मॅक-१ची अँटिबॉडी असल्यामुळे या फिकट पेशी आपोआप बाद होतात, आणि माझी मुख्य शंका इथेच आहे. गर्भाच्या यकृतातील मूळपेशींवर मॅक-१ असतो आणि ५-फ्लुरोयुरॅसिल (विभाजन पावणाऱ्या पेशी मारणारे औषध) दिल्यानंतर प्रौढ मज्जेतील मूळपेशींवरही तो येतो, तेव्हा विभाजन पावणाऱ्या मूळपेशीवर तो दिसला म्हणून ती मायलॉइड दिशेला गेली (ग्रॅन्युलोसाइट, मोनोसाइट अशा पेशी बनू लागली) असे म्हणता येईल का? सी-किटचेही तसेच: एससीएफ जोडला गेल्यावर हा ग्राहक पेशीच्या आत ओढला जातो, म्हणून कमी चमक म्हणजे विभेदन (मूळपेशीपणा सोडून विशिष्ट पेशी बनणे) असे मला मान्य करवत नाही. सीडी३४ हा आणखी एक मार्कर प्रौढ मूळपेशी सक्रिय झाल्यावर वाढतो, म्हणून तोही इथे उपयोगाचा नाही. स्का-१ची अडचण उलट आहे, कारण इंटरफेरॉनमुळे तो पूर्वज पेशींवरही चढतो आणि नको त्या पेशी गेटमध्ये शिरतात.

वाढवलेल्या पेशींसाठी सीडी२०१ (ईपीसीआर) हा मार्कर अधिक भरवशाचा मानला जातो. म्हणून मॅक-१ कॉकटेलमधून काढून वेगळ्या फ्लुओरोक्रोमवर पाहावा, सीडी४८ वर फारसे अवलंबून राहू नये आणि सीडी२०१ व सीडी१५० या दोन्हींवर गेट लावावे, असा माझा विचार आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे की संवर्धनात सीडी१५० कितपत टिकतो, आणि सीडी२०१च्या गेटची सीमा ताज्या मज्जेवरून ठरवावी की त्याच संवर्धनातील एफएमओवरून.

अंतिम निर्णय प्रत्यारोपणानेच होणार, हे मला मान्य आहे. सीडी४५.१ आणि सीडी४५.२ (दात्याच्या व इतर पेशी वेगळ्या ओळखू देणारी एकाच प्रथिनाची दोन रूपे) वापरून स्पर्धात्मक प्रत्यारोपण (या पेशी इतर मज्जापेशींबरोबर मिसळून देणे), निदान १६ आठवडे रक्ताची तपासणी आणि त्यानंतर त्या उंदरांच्या मज्जेचे नव्या उंदरांत दुय्यम प्रत्यारोपण असा आराखडा आहे. परंतु चुकीच्या गेटसाठी प्राण्यांचे बळी जाऊ नयेत असे मनापासून वाटते. म्हणून मॅक-१ फिकट आणि मॅक-१ नसलेला असे सीडी२०१ पॉझिटिव्ह पेशींचे दोनच गट तपासणे पुरेसे ठरेल, की सीडी४८ नुसार आणखी विभागणी आवश्यक आहे, याबद्दल आपले मत हवे आहे.