मदत हवी आहे: शक्यता दाखवायला 'कुड नॉट' का चालत नाही?

कोरा_कागद
नमस्कार. तातडीची मदत हवी आहे, संध्याकाळपर्यंत काम द्यायचंय. इंग्रजीत शक्यता सांगायला मे, माइट आणि कुड हे तिन्ही चालतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी कुड वापरला तर वाक्य 'अर्थ बदलला' असा शेरा मारून परत आलं. तिन्हींचा अर्थ एकच असेल तर तो बदलेल कसा? कृपया नेमका नियम सांगा. पुस्तकं सुचवू नका, वाचायला वेळ नाही.

निळी_शाई
वाक्य कुठंय?

जुना_मास्तर
बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे, मुलांना देतो तीच युक्ती तुम्हाला देतो. मस्ट म्हणजे नव्वद टक्के खात्री, मे म्हणजे पन्नास, माइट म्हणजे तीस, कुड त्याच्याही खाली. तुमची खात्री किती ते ठरवा आणि शब्द उचला.

पाऊलवाट
मास्तर, आदर ठेवून असहमत. हे आकडे शिकवायच्या सोयीसाठी कुणीतरी ठरवलेत, बोलणारे असं मोजून बोलत नाहीत. होकारार्थी वाक्यात 'इट मे रेन' आणि 'इट माइट रेन' यांत बहुतेकांना फरक जाणवत नाही. मे थोडा औपचारिक वाटतो, बोलण्यात माइट जास्त येतो, एवढंच. खरा फरक नकारात आणि भूतकाळात पडतो. म्हणून आधी वाक्य द्या.

रातराणी
मला शाळेत 'कॅन आय' म्हटल्यावर बाई थांबवायच्या आणि 'मे आय' म्हणायला लावायच्या. परवानगी विचारताना मे जास्त अदबीचा, कॅन रोजच्या बोलण्यातला, आणि कुड नम्र विनंतीला. 'कुड यू हेल्प मी' असं. हे लक्षात ठेवलंत तर चूक होणार नाही.

कोरा_कागद
रातराणीताई, परवानगीचा प्रश्नच नाहीये, शक्यतेचा आहे. वाक्य साधं आहे: 'द व्हॉल्व्ह कुड नॉट बी क्लोज्ड.' यात काय चुकलं?

पाऊलवाट
याचा अर्थ 'झडप बंद करता आली नाही' असा होतो. कुणीतरी प्रयत्न केला आणि जमलं नाही. तुम्हाला हेच म्हणायचं होतं का? मूळ मराठी वाक्य द्या.

कोरा_कागद
नाही हो! मूळ वाक्य 'झडप बंद नसावी' असं आहे. शक्यताच सांगायची आहे हे उघड आहे ना.

निळी_शाई
आम्हाला कसं उघड असेल? आता हे सांगा: आत्ता बंद नसावी, की तेव्हा बंद नसावी? कशाचं लिखाण आहे?

कोरा_कागद
तेव्हा. रात्री पाणी सांडलं, त्याचा अहवाल आहे. मी फक्त भाषांतर करतोय.

पाऊलवाट
आता गाठ सुटेल. होकारात तिन्ही शब्द एका रांगेत उभे असतात, पण 'नॉट' आला की वाटा फुटतात. 'मे नॉट' आणि 'माइट नॉट' यांत नकार पुढच्या क्रियेला लागतो: नसण्याची शक्यता आहे. 'कुड नॉट'मध्ये नकार शक्यतेलाच लागतो: असण्याची शक्यताच नाही. 'ही माइट नॉट बी ॲट होम' म्हणजे तो घरी नसेल कदाचित. 'ही कुड नॉट बी ॲट होम' म्हणजे तो घरी असणं शक्यच नाही. त्यातून तुमचं वाक्य कर्मणी पडलं, त्यामुळे ते सरळ 'बंद करता आली नाही' असं वाचलं गेलं. शेरा मारणाऱ्याची चूक नाही.

जुना_मास्तर
हे मान्य. मग कुड काढा आणि 'द व्हॉल्व्ह मे नॉट बी क्लोज्ड' लिहा. काम झालं.

निळी_शाई
मास्तर, तिथे दुसरा खड्डा आहे. यंत्राच्या कागदपत्रात 'मे नॉट बी क्लोज्ड' वाचणारा 'झडप बंद करण्यास मनाई आहे' असं समजेल. मी तांत्रिक दस्तऐवज तपासते, तिथे हा घोळ नेहमीचा आहे. म्हणून तर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत शब्द वाटून दिलेत: शॅल म्हणजे बंधन, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. इंटरनेटच्या मानकांसाठीही 1997 मध्ये आरएफसी 2119 नावाचा दस्तऐवज निघाला, त्यात मे म्हणजे 'ऐच्छिक'. अशा वाचकांपुढे मे टाकला की त्यांना परवानगीच दिसते.

जुना_मास्तर
अहो पण त्यांचा अहवाल आहे, मानक नाही. अहवालात मे सर्रास शक्यतेला येतो.

निळी_शाई
येतो, पण तोच वाचक सकाळी मानक वाचतो आणि दुपारी अहवाल. शिवाय घटना झालेली आहे, तर 'हॅव बीन' हवंच. 'माइट नॉट हॅव बीन क्लोज्ड'मध्ये मनाईचा अर्थ निघूच शकत नाही.

शब्दवेडी
सगळे इंग्रजीकडे बघताय, जरा मराठीकडेही बघा. मूळ शब्द 'नसावी' आहे, 'नसेल' नाही. 'तो गेला असेल' हा नुसता अंदाज. 'तो गेला असावा' म्हणताना काहीतरी पाहिलेलं असतं: चपला नाहीत, दार ओढलेलं आहे. त्याच '-आवा'ने आपण 'त्याने जावं' हेही म्हणतो. म्हणजे कर्तव्य आणि अनुमान एकाच प्रत्ययात राहतात. इंग्रजीच्या मस्टचंही तसंच आहे: 'यू मस्ट गो' कर्तव्य, 'ही मस्ट हॅव गॉन' अनुमान. मला हे साम्य फार आवडतं. तर तुमच्या वाक्याला माइट कमी पडेल.

कोरा_कागद
म्हणजे 'मस्ट नॉट हॅव बीन क्लोज्ड' लिहू?

पाऊलवाट
थांबा! अमेरिकी इंग्रजीत ते चालतं, पण अनुमानी मस्टचा नकार ब्रिटिश वळणात 'कान्ट हॅव बीन' होतो. आणि दोन्ही वाक्यं 'नसावी'पेक्षा पक्की आहेत, 'बंद नव्हतीच' असं म्हणतात. मूळ अहवालात पुरावा काय दिलाय?

कोरा_कागद
सकाळी फरशीवर पाणी होतं आणि झडपेचं चाक अर्धवट फिरलेलं होतं. रात्री कुणी पाहिलं नाही. हे सांगायची गरज वाटली नव्हती.

पाऊलवाट
याचीच तर गरज होती. चाक अर्धवट म्हणजे माइटपेक्षा वजन जास्त. पण मधल्या वेळात कुणी ते फिरवलं नाही याची खात्री नाही, म्हणून कान्टही नको. सहायक क्रियापदाचा हट्ट सोडा: 'द व्हॉल्व्ह वॉज प्रॉबब्ली नॉट फुली क्लोज्ड.'

शब्दवेडी
प्रॉबब्लीला सहमत. 'फुली' मात्र काढा, मुळात 'पूर्ण' हा शब्द नाही. अनुवादकाने चाकाचा निष्कर्ष स्वतः काढू नये.

पाऊलवाट
हे बरोबर. काढा.

रातराणी
अवांतर विचारते. कुडमध्ये एल लिहितात पण म्हणत का नाहीत?

शब्दवेडी
शुड आणि वुडमध्ये एल मुळातला आहे, कारण ते शॅल आणि विल यांचे जुने भूतकाळ. कुड हा कॅनचा, त्यात एल कधीच नव्हता. शेजारच्या दोघांचं पाहून पुढे लिहिण्यात घातला गेला. माइट हाही तसाच मेचा जुना भूतकाळ, म्हणून 'ही सेड इट माइट रेन'.

कोरा_कागद
शेवटचं एक. पुढच्या पानावर 'पाणी विजेच्या खोलीत गेलं असतं' आहे. तिथे 'मे हॅव रीच्ड' लिहिलंय, बरोबर ना?

निळी_शाई
मुळीच नाही! गेलं नाही, पण जाऊ शकलं असतं, असंच ना? मग 'कुड हॅव रीच्ड' किंवा 'माइट हॅव रीच्ड'. 'मे हॅव रीच्ड' म्हणजे 'गेलं असेल, माहीत नाही'. वाचणारा धावत ती खोली तपासायला जाईल.

शब्दवेडी
आणि नुसतं कुड हॅवही दोन्हीकडे झुकतं, गेलं असेल आणि गेलं असतं. पुढे 'बट डिड नॉट' जोडा, म्हणजे शंका राहणार नाही.

कोरा_कागद
दोन्ही वाक्यं बदलली. आता उरलेल्या चौदा पानांत कुड आणि मे शोधतोय, आतापर्यंत सहा सापडले. दोन ठिकाणी अडलोय, मूळ मराठीसकट टाकतो.