जत्रेतलं नाटक साहित्यात मोडतं का?

फोंडेकरीण:
अकरावीला मराठी शिकवते. दरवर्षी "साहित्य म्हणजे काय आणि त्याचे प्रमुख प्रकार" हा घटक घेते. फळ्यावर गद्य आणि पद्य अशी दोन खोडं काढायची; पद्याला कविता, गद्याला कथा, कादंबरी, नाटक, ललित अशा फांद्या. मुलं झाड वहीत उतरवून घेतात, तास संपतो. यंदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या जत्रेतलं नाटक ह्यात कुठं? बाबा त्यात काम करतात. पुस्तक कोणाकडेच नाही, एक वही आहे फक्त, तीही शिवण सुटलेली."

मी नाटकाच्या फांदीवर खडू टेकवला आणि पुढे सरकले. पण बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की ती फांदीच चुकीच्या खोडाला आहे. जत्रेत रात्री दोन वाजता ज्या पदाला वन्समोअर पडतो ते गद्य कसं?

माझं म्हणणं असं की मुलांना आधी कान आणि डोळा शिकवावा. संस्कृतातल्या जुन्या मंडळींनी तेच केलं होतं: श्रव्य काव्य आणि दृश्य काव्य. त्यांच्यातल्याच भामहाची काव्याची व्याख्या तर चार शब्दांतही नाही, "शब्दार्थौ सहितौ काव्यम्". आपला "साहित्य" हा शब्द ह्याच "सहित"शी नातं सांगतो. शब्द आणि अर्थ एकत्र नांदले की झालं. त्यात कागद कुठे आलाय?

ओवीच घ्या. बाई पहाटे जात्यावर बसली की ओवी. 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेवर बोलायला घेतली ती ओवी. आपल्या गोव्यातल्या केळशीच्या कृष्णदास शामाने 1526 मध्ये कृष्णाची कथा सांगितली ती ओवीत. आणि 1616 मध्ये राशोलला फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराण छापलं, रोमी लिपीत, तेही ओवीत. जातं, गीता, भागवत, बायबल. प्रकार एकच, आणि ह्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जुना. मग आपण तो पुस्तकावरून का शिकवतो?

तांबडी शाई:
बाई, वीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचा मुद्दा चहाबरोबर छान लागतो. वर्गात नेलात तर मुलं बुडतील. पोहणं आधी विहिरीत शिकतात, मग मांडवी नदीत.

"कथा आणि कादंबरी यांतला फरक सांगा" ह्यावर दहातली आठ मुलं लिहितात, "कादंबरी म्हणजे मोठी कथा." हे चूक आहे हे कळायला चौकटच लागते. पानं मोजून कादंबरी होत नाही. कथा एका वळणावर माणसाला गाठते आणि सोडून देते. कादंबरीत माणसाला म्हातारं व्हायला, बदलायला, स्वतःचंच म्हणणं खोडायला सवड असते, आणि त्याच्याभोवतीचं गावही त्याच्याबरोबर बदलत जातं. शंभर पानांत ते झालं तर ती कादंबरी. दोनशे पानं एकाच प्रसंगाभोवती फिरली तर ती ताणलेली कथा. हा फरक मुलाला एकदा दिसला की तो जन्मभर वेगळं वाचतो. कानाडोळ्याच्या विभागणीत कथा आणि कादंबरी दोन्ही एकाच खणात जातात, मग हे शिकवणार कधी?

मजा म्हणजे "कादंबरी" हे मुळात एका मुलीचं नाव. सातव्या शतकातल्या बाणभट्टाची नायिका. आपण तिचं नाव उचलून अख्ख्या प्रकाराला दिलं. मराठीत पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन सांगतात, 1857 चं. म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर साडेपाचशेहून जास्त वर्षांनी. हा प्रकार कानातून आला नाही, तो छापखान्यातून आला. त्याला पुस्तकावरूनच शिकवावं लागेल.

पडद्यामागे:
मी तो वहीवाला माणूस. म्हणजे त्या मुलाच्या गावचा नव्हे, आमच्या गावचा. पंधरा वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतोय. मी दोघांच्याही विरुद्ध आहे.

वहीत नाटक नसतं हो. वहीत बोलणी असतात. भरतमुनींनी अभिनय चार प्रकारचा सांगितलाय: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. वाचिक म्हणजे शब्द, चारांतला एक. बाकीचे तीन माझ्या वहीत नाहीत. ते रंगवणाऱ्याच्या डब्यात आहेत, पेटीवाल्याच्या बोटांत आहेत, आणि अंगणात चादर पसरून बसलेल्या आजीकडे आहेत, जी खलनायकाला खरोखर शिव्या घालते. नाटकाला साहित्य म्हटलं की लोक वाचायला बसतात आणि म्हणतात, "ह्यात काय आहे?" आमची उत्सवी रंगभूमी साहित्यात नको. ती जत्रेतच बरी.

एक सांगतो. काही वर्षांमागे ऐन तिसऱ्या अंकात वीज गेली. राजा झालेला आमचा माणूस, एरवी पोस्टात नोकरीला, अंधारातच गरजला, "प्रधानजी, आमच्या राज्यात दिवे लावायचं कंत्राट कोणाला दिलंत?" अंगण फुटलं. पुढच्या वर्षी वीज गेली नाही, तरी लोक त्या जागेला वाट बघत होते. शेवटी समितीने ठरवून त्या ठिकाणी मिनिटभर दिवे घालवले. वहीच्या समासात माझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: "इथे दिवे जातात."

तांबडी शाई:
अहो, मग तुम्हीच लेखक झालात की! समासात पेन्सिल टेकवलीत तिथेच प्रयोगाचं साहित्य झालं. आपल्याच पुराव्याने हरलात.

पडद्यामागे:
हरलो असेन. पण राजा ते वाक्य दरवर्षी वेगळं म्हणतो. कोणतं लिहू?

कुळागरातला:
तिघांचं चालू द्या, माझी तक्रार "ललित" नावाच्या खणाबद्दल आहे. ह्याचं कोणालाच काही वाटत नाही का? कुठे घालायचं कळत नाही ते ललितात. प्रवास, आठवणी, पावसावरचं चिंतन, आजोळची विहीर, सगळं एका पिशवीत. मग चरित्र, आत्मचरित्र, बखर, पत्र यांना "इतर" म्हणून शेवटच्या ओळीत कोंबायचं.

बाईंच्या बाजूने एक पुरावा देतो. मराठीतला सुरुवातीचा मोठा गद्यग्रंथ म्हणजे लीळाचरित्र, तेराव्या शतकातला. म्हाइंभटांनी तो कसा केला? महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, त्यांना विचारून, त्यांच्या तोंडून ऐकून. म्हणजे आपलं गद्यही आधी ऐकलेलं आहे. सर, कादंबरी छापखान्यातून आली हे मान्य. पण गद्य तिथून आलेलं नाही.

मडगावचा वाचक:
सगळे मराठीच धरून बोलताय. धालोची गाणी, फुगड्या, तियात्र म्हणजे आमचं कोंकणी नाटक, हे घेणार कुठे? 1892 मध्ये पहिलं तियात्र मुंबईत झालं. पडद्यापडद्यांमधली कांतारं, म्हणजे गाणी, बघा, बहुतेक वेळा त्यांचा कथेशी काही संबंध नसतो, आणि लोक त्यांच्यासाठीच येतात. गद्यात घालणार की पद्यात? ते कोंकणीत आहे म्हणून मराठीच्या बाईंनी डोळे मिटायचे का? बोरीच्या बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता केली, तेव्हा त्यांना कोणी असं विचारलं नसेल.

फोंडेकरीण:
बाब, भाषेचं भांडण इथे नको, त्याला गोव्यात दुसरी जागा भरपूर आहे. पण कांतारांचा मुद्दा घेतला. वर्गात सांगणार.

सर, तुमचा कथा-कादंबरीचा परिच्छेद मी जसाच्या तसा वर्गात वाचून दाखवणार आहे, रागावू नका. चौकट नको असं मी म्हटलेलं नाही. चौकट कुठून सुरू करायची, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि ख्रिस्तपुराणाचं काय करायचं सांगा. छापलेलं आहे, म्हणजे तुमचं. पण लोकांना ते चर्चमध्ये वाचून दाखवायचे, ऐकणाऱ्यांतल्या कितीजणांना अक्षरओळख असेल? म्हणजे माझं.

तांबडी शाई:
अर्धं-अर्धं करू.

सत्तरीची लेक:
इतका वेळ वाचत होते. बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला तुमचीच बाजू जास्त टोचली.

आमच्या वाड्यावर पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, धालो असतात. बायकांच्या दोन रांगा, समोरासमोर, हातात हात गुंफून, वाकत पुढे यायचं आणि मागे जायचं. एका रांगेने ओळ म्हटली की दुसरी ती उचलते. माझी आजी पुढची. तिला सगळी गाणी येतात असं लोक म्हणतात, पण तिला बसवून "म्हण बघू" म्हटलं तर चौथ्या ओळीला अडते. समोरची रांग लागते तिला.

एकदा शहरातून कोणीतरी गाणी उतरवायला आले. चांगली माणसं होती. आजीने सांगितली, त्यांनी लिहिली. पुढे एका शाळेच्या स्नेहसंमेलनात तीच गाणी मुलींनी म्हटली, तीन कडवी, रांगा नाहीत, चाल सरळ केलेली. वर तिथल्या बाईंनी आजीलाच सांगितलं, "तुमच्याकडे दुसरं कडवं चुकीचं म्हणतात." आजी हसली. मी नाही हसले.

म्हणून म्हणते, लोकांना वाटतं साहित्य म्हटलं की मान मिळतो. मान मिळतो, पण त्याबरोबर एक शुद्ध प्रतही तयार होते, आणि मग आमचीच चुकीची ठरते. सरांची चौकट निदान आम्हाला बाहेर ठेवते. तुमची आत ओढते. बाहेर असलेलं बरं, असं मला आत्ता तरी वाटतं.

पडद्यामागे:
हेच मला म्हणायचं होतं, जमलं नाही.

कुळागरातला:
पण ताई, आजींनंतर? उतरवलं नाही तर काहीच उरणार नाही. चुकीची प्रत का होईना.

सत्तरीची लेक:
माहीत आहे. मीही फोनवर रेकॉर्ड केलंय, आजीला न सांगता. त्यात अर्धा वेळ कुत्रं भुंकतंय आणि कोणीतरी चहा विचारतंय. ते कापायचं की ठेवायचं, ठरत नाही.

फोंडेकरीण:
कापू नका.

स्नेहसंमेलनाच्या बाईंनी जे केलं ते मीही केलं असतं, कदाचित केलंही असेल. यंदा फळ्यावर झाड काढणार नाही. त्या मुलाला वही आणायला सांगितली आहे, समासासकट. आणि एक विनंती: आजी आमच्या वर्गात येतील का? उतरवून कोणी घेणार नाही. मुलींच्या दोन रांगा मी उभ्या करते.

सत्तरीची लेक:
आजीला विचारलं. म्हणाली, आत्ता श्रावण, आत्ता धालो म्हणत नाहीत. पौषात तुम्हीच या, पोरींना घेऊन. रात्री उशीर होतो, शेवटची बस मिळणार नाही, झोपायची सोय करू.