प्रश्नोत्तरे गाळलेले गाणे

जुन्या बालगीतांच्या नव्या आवृत्त्यांचे ध्वनिमुद्रण स्वच्छ असते आणि म्हणून त्या मुलांना अधिक भावतात, असे म्हटले जाते; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. ‘एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ’ हे हिंदी गाणे त्यासाठी पाहावे. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेच्या ‘एक अनेक और एकता’ (1974) या लघुपटातील हे गाणे आपल्या वसंत देसाईंनी संगीतबद्ध केले, तर लघुपटाचे दिग्दर्शन विजया मुळे यांचे होते. साधना सरगम यांचा तेव्हाचा बालस्वर त्यात आहे. (दूरदर्शनवर ते लागले की आमच्या घरी जेवण थांबत असे.) मुळात तेथे ‘अनेक’ म्हणजे काय, असे मुले विचारतात आणि दीदी सूर्य, चंद्र, तारे दाखवीत समजावते, त्यानंतर जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट येते, त्यामुळे संख्येचा धडा नकळत एकीच्या धड्यात मिसळतो. मी ऐकलेल्या बहुतेक नव्या आवृत्त्यांत मात्र ही प्रश्नोत्तरे गाळून केवळ चाल उचललेली आहे, आणि एकसुरी तालयंत्रामुळे मुलाला उत्तर शोधायला मिळणारी ती छोटी उसंतही हरवते. गायिका तयारीच्या असतात, सूर अचूक लागतात, याबद्दल तक्रार नाही. किंबहुना जुन्या मुद्रणातील खरखरीपेक्षा शब्द आता स्पष्ट कळतात. परंतु मूळ आवाजातील दीदी थोरल्या बहिणीसारखी बोलते, आणि नवी गायिका मंचावरून गाते.