‘तुझा दोष नव्हता’ हे कळून माणूस सुटतो का? (स्टार ट्रेक, ‘ऑब्सेशन’)

कात्रजकर:
मूळ ‘स्टार ट्रेक’ या अंतराळावरच्या टीव्ही मालिकेचा ‘ऑब्सेशन’ हा १९६७ चा भाग परत पाहिला. नायक कॅप्टन कर्क तरुणपणी ‘फॅरागट’ या यानावर होता, तेव्हा मधासारखा गोड वास येणाऱ्या एका ढगाने माणसांच्या रक्तातल्या लाल पेशी शोषल्या. तिथला कॅप्टन गॅरोव्हिक धरून दोनशे जण गेले. फेझर (त्यांचं किरणांचं शस्त्र) चालवताना कर्क क्षणभर थबकला होता. अकरा वर्षांनी तोच वास येतो आणि हा सगळं सोडून त्याच्यामागे लागतो. थीटा सात या ग्रहावर औषधं पोचवायची आहेत, त्याचे सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय समजावतायत, पण हा ऐकेल तर शपथ!

मला खुपलं ते त्या कॅप्टन गॅरोव्हिकच्या मुलाचं. तो आता कर्कच्या हाताखाली आहे. ढगासमोर तोही क्षणभर थबकतो, तर कर्क त्याला कामावरून काढून खोलीत बसवतो. स्वतःवरचा राग पोरावर. पुढे कळतं की फेझरने त्या ढगाला काहीच होत नाही.

माझे वडील ट्रक चालवायचे. जुन्या कात्रज घाटात उतारावर ब्रेक गेले, क्लीनर जागीच गेला. तपासणीत ब्रेकचा पाइप फुटल्याचं निघालं, बाबांवर काही ठपका आला नाही. तो कागद त्यांनी पाकिटात जपून ठेवला. तरी सुट्टीच्या दिवशी स्वारगेटला बस धरून त्या वळणावर जायचे. मला नेलं की डाव्या हाताची मूठ आवळून खाली ओढायचे: “इथं गिअर पाडायला हवा होता. इथं. पुढं नाही.”

म्हणून या भागाचा शेवट मला पटत नाही. कर्क इतक्या सहज मोकळा कसा होतो?

पर्वतीपायथा:
नुसतं कळून तो मोकळा होत नाहीच. फेझर निरुपयोगी हे समजल्यावरही ढगाला संपवायला टायको चार या ग्रहावर स्वतः उतरतो, धाकट्या गॅरोव्हिकला घेऊन. ढगाला ओढायला आमिष म्हणून नेलेलं रक्त त्याने आधीच संपवलेलं, मग हे दोघंच आमिष होतात. माझी तक्रार वेगळी आहे. तो ढग पिल्लं घालणार म्हणून पाठलाग योग्य ठरतो, ही लेखकाने कर्कला दिलेली सोय आहे. ढग निरुपद्रवी झाला असता तर कर्क थांबला असता? मला नाही वाटत.

रात्रपाळी:
मी आयसीयूत नर्स आहे. पेशंट गेल्यावर नवीन डॉक्टरला “तू सगळं केलंस” म्हणून काही उपयोग होत नाही, त्याच्या डोक्यात ती दोन मिनिटंच फिरत राहतात. शेवटी कर्क धाकट्या गॅरोव्हिकला काय म्हणतो बघा: तुझ्या वडिलांचे किस्से सांगायचेत. अकरा वर्षं त्याच्याकडे फक्त तो एक क्षण होता, कॅप्टन नव्हताच. तुमचे बाबा त्या क्लीनरबद्दल काही बोलायचे का? अपघात सोडून?

कात्रजकर:
फार नाही. खेड शिवापूरला गाडी थांबली की तो आधी सगळे टायर ठोकून बघायचा, मगच चहा घ्यायचा, एवढंच एकदा म्हणाले होते. आणि गाडीत मोठ्याने भजनं म्हणायचा. त्याचं गाव कुठलं, हे मी कधी विचारलंच नाही. बाबा जेवून उठले की विचारतो.