"माहितीये चुकतं, पण तेव्हा आठवतच नाही" - तिसरीतल्या मुलाचं काय करू?

सायली_ठाणे
मुलगा तिसरीत, पुढच्या महिन्यात आठ पूर्ण होतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि पालकसभेत बाईंनी परत तेच ऐकवलं, हात वर न करता उत्तर ओरडतो, रांगेत ढकलाढकली, गणित येतं पण चिन्ह न बघता वजाबाकीचीपण बेरीज करून मोकळा. घरी आला की बूट एकीकडे दप्तर एकीकडे, आणि परवा तर पोळीला तूप कमी लागलं म्हणून अर्धा तास भोकाड. रात्री कुशीत येऊन स्वतःच म्हणतो, आई मला माहितीये चुकतं पण तेव्हा आठवतच नाही. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलाय, बहीण म्हणते एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अति चळवळ, उतावळेपणा) टेस्ट कर. हे वयच असं असतं का?

चाफा
तो खरं बोलतोय हो. नियम माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी स्वतःला आवरणं वेगळं. आवरायचं काम मुख्यतः कपाळामागच्या भागाचं, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचलेला असतो आणि तिथेच आपण फसतो, कारण आतली वायरिंग चालूच असते, नको त्या जोडण्या गळणं, हव्या त्यांच्यावर मायलिनचा (निरोप वेगाने पोचवणाऱ्या वेष्टणाचा) थर चढणं, आणि हा पुढचा भाग सगळ्यात शेवटी म्हणजे पंचविशीच्या आसपास पिकतो. वजाबाकीचं तेच. बेरजेची सवय झालेला हात पुढे धावतो, ब्रेक लागेपर्यंत उत्तर लिहून झालेलं. आधी पेन्सिलने चिन्हाला गोल करायला लावा, मग सोडवू दे. आणि झोप किती होते? या वयाला ९ ते १२ तास लागते, आमच्याकडे साडेदहाला झोपून सहाला उठायचा तेव्हा तूप-प्रकरणं रोज व्हायची.

खडूस_बाबा
म्हणजे पंचविशीपर्यंत वाट बघायची? आमच्या वेळी एक धपाटा बसला की कॉर्टेक्स आपोआप पिकायचा. सिरियसली बोलायचं तर तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा मार्शमॅलोवाला (मऊ गोड खाऊ) प्रयोग आहेच की, आत्ता एक खा नाहीतर थांब, दोन मिळतील. जी पोरं थांबली ती पुढे हुशार निघाली. थांबायची सवय लावा, विषय संपला.

चाफा
बाबा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. मानसशास्त्रज्ञ मिशेल यांचे ते प्रयोग स्टॅनफर्डच्याच बालवाडीतल्या मुलांवर झाले. २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांवर परत तपासलं तेव्हा घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. मला त्याआधीचा, २०१३ चा रॉचेस्टर विद्यापीठाचा प्रयोग जास्त पटतो. तिथे काही मुलांना आधी चांगले रंग आणून देते म्हणून सांगितलं आणि दिलेच नाहीत. ती मुलं मार्शमॅलोसाठी सरासरी ३ मिनिटं थांबली, ज्यांना दिलेला शब्द पाळला ती १२ मिनिटं. आपण "रविवारी आणू" म्हणतो आणि किती वेळा आणतो बरं? आणि धपाट्याने पोरगं गप्प होतं, पण घाबरून.

बालभारती_बाई
बावीस वर्षं प्राथमिकला शिकवते. सायली, म्हणजे डिसेंबरचा जन्म ना? आपल्याकडे ३१ डिसेंबरची कटऑफ, त्यामुळे तो वर्गात सगळ्यात धाकट्यांपैकी, त्याच्या बाकावरचा एखादा त्याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा असेल. त्या वयात अकरा महिने म्हणजे खूप झाले! वर्गातल्या लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो हे बऱ्याच देशांत दिसलंय. शंका वाटली तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांची वाढ-वागणूक बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे) जरूर जा, पण एका टेस्टमध्ये ते कळत नाही, घर आणि शाळा दोन्हीकडचं, निदान सहा महिन्यांचं वागणं बघतात.
तोवर खेळा. चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र. बोट उचलायचं नाही हाच सगळा व्यायाम. "शिवाजी म्हणतो"पण तसंच. दहा मिनिटं बास, आणि हरला तर चिडवू नका. शाळेतून आल्यावर आधी खायला द्या, मग प्रश्न विचारा, दार उघडताच "आज बाई काय म्हणाल्या" नको.

सायली_ठाणे
हो ताई, २३ डिसेंबर! हे कुणी लक्षातच आणून दिलं नव्हतं. चिन्हाला गोल करून आज दहापैकी दोनच वजाबाक्या चुकल्या, नेहमी सहा-सात. झोपेचं कठीण आहे, नवरा नऊला घरी येतो आणि मग बापलेकांची मस्ती. चिमणी भुर्र खेळलो, म्हैस भुर्रला सासूबाईंचं बोट सगळ्यात आधी वर गेलं.

खडूस_बाबा
सासूबाईंचा जन्म पण डिसेंबरचा का? :D (रविवारचं मात्र खरं आहे, सायकलची घंटी तीन रविवार राहिलीय.)