मदत हवी आहे: टोळीच्या (मोहाच्या बियांच्या) तेलाच्या साबणावर नारिंगी ठिपके

नमस्कार मंडळी. गावातल्या बचत गटाचा अंगाचा साबण, रंग-सेंट काही नाही. घाणीचं मोहाचं तेल ७०० ग्रॅम, खोबरेल २५०, एरंडेल ५०. कॉस्टिक सोडा १४० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम. म्हणजे साधारण ५ टक्के तेल मुद्दाम मोकळं (साबण न होता उरणारं) ठेवलंय. सोडा नेहमी पाण्यात, स्टीलच्या भांड्यात (जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, भांडं सोडा खाऊन टाकतो). वड्या सहा आठवडे सावलीत.

पहिले दोन महिने वडी छान, पिवळसर, घट्ट. मग टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके उमटतात, आणि नखानं खरवडलं की जुन्या तेलाचा खवट वास येतो. बोअरच्या पाण्याची वडी जास्त बिघडते, आरओच्या पाण्याची कमी. त्यामुळे पाण्यातल्या लोहावर संशय आहे. पण खरं मूळ टोळीतच असावं असं वाटतं: जून-जुलैत वेचलेली टोळी ओलसर राहिली की तेलातलं आम्ल वाढतं आणि ते लवकर खवट होतं.

विचारायचं असं:
लोह बांधून ठेवायला किलोभर तेलाला १० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून (त्यासाठी सोडा ६ ग्रॅम वाढवून) कोणाचे ठिपके थांबले का? मोकळं तेल ३ टक्क्यांवर आणलं तर हिवाळ्यात कातडी ओढते का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चंद्रपूर-गडचिरोलीकडे कडक वाळवलेल्या टोळीचंच ताजं तेल काढून देणारी घाणी माहीत असेल तर गाव नक्की सांगा. बाहेरचं पाम तेल आणायचं नाही, आपल्याच रानातलं वापरायचं आहे.