मदत हवी आहे: 'फ्रेल' या शब्दाला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आमचे आबा ८१ वर्षांचे, गंगावेस तालमीत तयार झालेलं शरीर. गेल्या महिन्यात न्यूमोनियानं नऊ दिवस दवाखान्यात होते. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत 'फ्रेल' लिहिलंय. शब्दकोशात 'दुर्बल, नाजूक, ठिसूळ' सापडलं. 'ठिसूळ' ऐकून आत्या हाडांचं दुखणं समजली आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन आली. आबा रोज विचारतात, "कागदात काय लिवलंय?" खासबागेत कुस्त्या मारलेल्या माणसाला 'दुर्बल' कुठल्या तोंडानं सांगू? 'वीक' आणि 'फ्रेल' एकच का? हा आजार आहे का? कृपया कुणीतरी सांगा.

प्रतिसाद:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही एक नव्हेत. तापातून उठलेला पंचविशीतला पोरगाही 'वीक' असतो, आठवडाभरात पांढरा रस्सा पिऊन हिंडायला लागतो. 'फ्रेल' माणसाची शिलकीतली ताकदच कमी झालेली असते. साधा ताप किंवा एकदा पडणंही झेपत नाही, सावरायला फार दिवस लागतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सहज मोडणारा', 'फ्रॅजाइल'ही त्यातलाच. म्हणून कोशात 'ठिसूळ' आलंय. हाडांशी त्याचा थेट संबंध नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

२००१ साली मांडलेले पाच निकष आजही वापरतात: प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड ढिली पडणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त दिसले तर 'फ्रेल', एक-दोन असले तर उंबरठ्यावर. ही अवस्था आहे, तिचं नाव 'फ्रेल्टी'. आणि ती सुधारू शकते, हे आबांना आधी सांगा. ताकदीचा बेताचा व्यायाम आणि पोटात पुरेशी प्रथिनं, यांनी पुष्कळांना फरक पडतो.

(इंग्रजीत 'ह्यूमन फ्रेल्टी' वाचलंत तर मात्र तो मनाचा दुबळेपणा, मोहाला बळी पडणं.)

मराठीत 'खंगलेला', 'जर्जर' हे शब्द नकोत, त्यांत परतीची वाट नाही. मी पेशंटला 'अंगातलं बळ ओसरलंय' म्हणते.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. तसंच सांगितलं. आबा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वसरलंय न्हवं? आटलं न्हाई. मग चढंल की." गोळ्या बाजूला ठेवल्यात. परवा डॉक्टरांना व्यायामाचं विचारतो. मटण आता चावत नाही, तर अंडी किती द्यायची तेही विचारून घेतो.